अनाथाश्रमातली बादली आणि आपलं इमान

नाताळची आणि उन्हाळ्याची सुट्टी हे ख्रिस्ती जगात ‘मिशन ट्रिप’चे दिवस असतात. अमेरिका, युरोप आणि आता कोरियातल्याही चर्चमधून तरुणांचे गट निघतात. आठवडा, दोन आठवडे, फार तर महिनाभर एखाद्या गरीब देशात जाऊन सेवा करायची, असा हा प्रकार. हैती, मेक्सिको, केनिया, कंबोडिया आणि आपलं कोलकाता ही त्यांची नेहमीची ठिकाणं. काम बहुतेकदा अनाथाश्रमात असतं.

परत आल्यावर ही मंडळी चर्चमध्ये उभी राहून ‘साक्ष’ देतात, म्हणजे काय अनुभवलं ते सांगतात. अशा बऱ्याच साक्षी मी वाचल्या आहेत. त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. जाताना बहुतेकांच्या डोक्यात काहीतरी मोठं असतं. मुलांना शिकवू, देवाची गोष्ट सांगू, एखादी शाळाखोली बांधून देऊ. प्रत्यक्षात हातात येते बादली. फरशी पुसायची, लंगोट धुवायचे, तांदूळ निवडायचे, खरकटी भांडी घासायची. आणि परतल्यावर ते सांगतात की प्रार्थनेत जे सापडत नव्हतं, ते त्या मोरीत सापडलं.

आपल्याकडे यावर दोन ठरलेल्या प्रतिक्रिया असतात. पहिली, “हा सगळा धर्मांतराचा डाव आहे.” दुसरी, “सेवा करावी तर ख्रिस्ती लोकांनीच, आपल्याला नाही जमायचं.” एकीत संशय आहे, दुसरीत आळस. दोन्ही बोलल्या की विषय संपतो आणि खरा प्रश्न तसाच राहतो. बादलीत असं काय आहे की माणसाला तिथे इमान सापडावं? आणि ज्या मुलाच्या नावाने हे सगळं चालतं, त्याला त्यातून काय मिळतं?

कोलकात्याची मोरी

माझा एक मित्र वसईच्या ख्रिस्ती समाजातला आहे. पंचविशीत असताना धर्मग्रामातल्या तरुणांबरोबर तो पंधरा दिवस कोलकात्याला गेला होता, मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीत. पहाटे उठून सहाला मिस्सा, मग मदर हाऊसमध्ये पाव, केळं आणि चहा, आणि आठच्या सुमारास काम. तिथे जगभरातून स्वयंसेवक येतात. धर्माची अट नाही, मिस्सेला बसायची सक्ती नाही. फोटो काढायला मात्र बंदी.

त्याची नेमणूक शिशु भवनात झाली. हा गडी गिटार घेऊन गेला होता, मुलांना गाणी शिकवायला. तिथल्या मासीने त्याला धुण्याचा ढीग दाखवला. “पहिले दोन दिवस राग आला,” तो सांगतो. “मनात म्हटलं, मी काय धोबी म्हणून आलोय?” त्याच्या जोडीला एक जपानी गृहस्थ होते, बौद्ध. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. चादरीची दोन टोकं धरून उलट्या दिशेने पीळ द्यायचा, एवढं कळलं की काम भागत होतं. “चौथ्या दिवशी लक्षात आलं की दोन तास झाले, माझ्या मनात स्वतःबद्दल एकही विचार आला नव्हता. मिस्सेत बसलो की मन बाजारात जायचं. चादर पिळताना ते चादरीतच होतं.”

नमाज पढणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. मुसल्यावर उभं राहिल्याबरोबर दुकानाचा हिशोब आठवतो, ही आपली रोजची अडचण आहे. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरं. त्या चादरीवर रात्री जे मूल झोपणार होतं, त्याला माझ्या मित्राचं नावही माहीत नव्हतं. त्याने आभार मानायचे नव्हते, हसायचं नव्हतं, गळ्यात पडायचं नव्हतं. त्याला फक्त कोरडी, स्वच्छ चादर मिळणार होती.

या संस्थेची सुरुवातही अशाच कामातून झाली. मदर तेरेसा 1929 साली भारतात आल्या आणि पुढे जवळपास वीस वर्षं कोलकात्याच्या शाळेत शिकवत होत्या. 1948 मध्ये त्या शाळेच्या भिंतीबाहेर पडून मोतीझीलच्या झोपडपट्टीत गेल्या. 1950 मध्ये संस्थेला मान्यता मिळाली. 1952 मध्ये कालीघाटच्या मंदिराला लागून असलेल्या यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, महापालिकेने दिलेल्या जागेत, मरणासन्न माणसांसाठी ‘निर्मल हृदय’ सुरू झालं. 1955 मध्ये मुलांसाठी शिशु भवन आलं. कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर जेरी ब्राऊन 1987 मध्ये काही आठवडे कोलकात्यात येऊन राहिले आणि कालीघाटला मरणाऱ्यांची सेवा करत होते. पुढे ते पुन्हा दोनदा गव्हर्नर झाले.

आपल्या वाचकांना बहुधा ठाऊक नसलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. ज्या घराला आज जग ‘मदर हाऊस’ म्हणून ओळखतं, ते एका मुस्लिम सद्गृहस्थाचं होतं. फाळणीनंतर ते पूर्व पाकिस्तानात जायला निघाले होते. 1953 मध्ये त्यांनी ते घर किमतीपेक्षा बऱ्याच कमी पैशांत या बायकांना दिलं. अल्लाहकडून मिळालेलं घर आपण त्यालाच परत करतोय, अशी त्यांची भावना होती, असं चरित्रकारांनी नोंदवलं आहे. ‘त्यांची सेवा’ आणि ‘आपली सेवा’ अशी वाटणी करणाऱ्यांनी या घराच्या खरेदीखताकडे एकदा बघावं.

मुलाला मिठी कुणासाठी?

अनाथाश्रमाच्या सफरींबद्दल गेल्या काही वर्षांत जगभर गंभीर आक्षेप घेतले गेले आहेत, आणि ते धर्मांतराबद्दलचे नाहीत. आक्षेप असा की पाहुणे मुलांना प्रेम द्यायला येतात, आणि तेच मुलांना महागात पडतं.

संस्थेत वाढलेलं मूल अनोळखी माणसाकडेही धावत जातं, हात धरतं, मांडीवर बसतं. पाहुण्याला वाटतं, किती माया लावली! 1989 मध्ये रुमानियाची हुकूमशाही कोसळली तेव्हा तिथल्या संस्थांमध्ये लाखाहून अधिक मुलं सापडली. त्यांच्यावर पुढे झालेल्या अभ्यासांतून दिसलं की कुणाच्याही कडेवर जाणं हे अशा मुलांच्या बाबतीत मायेचं लक्षण नसतं. हक्काचं एकही माणूस न मिळाल्याची ती खूण असते. अशा मुलाला आठवडाभर कुशीत घ्यायचं आणि शनिवारी विमान पकडून निघून जायचं, मग पुढच्या सोमवारी नव्या रंगाचे टी-शर्ट घातलेला दुसरा गट येणार. त्या मुलाच्या वाट्याला दर आठवड्याला एक ताटातूट येते.

दुसरा भाग पैशाचा आहे. जिथे पाहुणे येतात तिथे देणग्या येतात. देणग्या येतात म्हणून ‘अनाथ’ लागतात. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने 2017 मध्ये आधुनिक गुलामगिरीचा अभ्यास करताना अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीची दखल घेतली. हैतीत 12 जानेवारी 2010 ला भूकंप झाला. त्या महिन्याच्या अखेरीस 10 अमेरिकी बाप्टिस्ट मिशनरी 33 मुलांना कागदपत्रांशिवाय शेजारच्या डोमिनिकन रिपब्लिकमध्ये नेताना पकडले गेले. मुलांसाठी अनाथाश्रम काढायचा त्यांचा बेत होता. चौकशीत कळलं की त्यातल्या कितीतरी मुलांचे आईवडील जिवंत होते. पोराला शिक्षण मिळेल, पोटभर जेवायला मिळेल, या आशेने त्यांनी मुलं सोपवली होती. त्या मिशनऱ्यांची नीयत वाईटच होती असं मी म्हणणार नाही. पण मुलांना वाचवण्याची घाई एवढी, की त्यांना आई आहे का हे नीट तपासायचंही राहून गेलं.

म्हणून मला बादलीचं मोल वाटतं. भांडी घासणारा माणूस निघून गेला तर कुणाचं मन मोडत नाही. तो मुलाकडून काही मागत नाही. मुलाच्या जवळ राहायचं काम रोज तिथे असणाऱ्या मासीचं आहे. पाहुण्याने तिची भांडी घासली तर तिला मुलासाठी तासभर जास्त मिळतो. आठ दिवसांच्या पाहुण्याने अनाथ मुलासाठी करण्यासारखं सर्वांत सुरक्षित आणि उपयोगी काम हेच आहे.

यातही एक खोच आहे, आणि तीही बोलायला हवी. मदर तेरेसांच्या संस्थेवर टीका झाली ती याच मुद्द्यावर. रुग्णांच्या वेदना कमी करायला पुरेशी औषधं नाहीत, याकडे ‘लॅन्सेट’च्या संपादकांनी 1994 मध्ये लक्ष वेधलं होतं. पैसा असून धुण्याचं यंत्र का घेत नाही, असंही अनेकांनी विचारलं. हा सवाल योग्य आहे. मला नम्रता शिकायची आहे म्हणून रुग्णाची चादर हाताने धुवायची, आणि ती यंत्रात जास्त स्वच्छ निघत असेल, तर माझ्या नम्रतेची किंमत रुग्ण मोजतो. अशा वेळी यंत्र घ्यावं आणि उरलेल्या वेळात संडास साफ करावा. काम हलकं आहे म्हणून पवित्र ठरत नाही. समोरच्याला त्याची गरज आहे, म्हणून ते करायचं असतं.

रमाबाईंचा दाखला

आता धर्मांतराच्या प्रश्नाकडे येऊ. तो टाळून चालणार नाही, कारण आपल्याच महाराष्ट्रात त्याचा मोठा दाखला आहे.

पंडिता रमाबाईंना ‘पंडिता’ ही पदवी कोलकात्याच्या विद्वानांनी 1878 मध्ये दिली. पुढे त्या इंग्लंडला गेल्या. तिथे लंडनजवळच्या फुलहॅममध्ये ख्रिस्ती जोगिणी समाजाने टाकून दिलेल्या बायकांची सेवाशुश्रूषा करताना त्यांनी पाहिल्या. अशा बायकांना कुणी माणूस म्हणून जवळ घेतं, हे त्यांच्यासाठी नवं होतं. 1883 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यामागे या अनुभवाचा मोठा वाटा होता हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. म्हणजे सेवा पाहून धर्म बदलतो, हे खरं आहे.

पुढची गोष्टही तितकीच खरी. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, नंतर ते पुण्याला नेलं. तिथल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव टाकला जातोय, या आरोपावरून 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यानंतरच्या दुष्काळांत रमाबाईंनी शेकडो मुली उचलून आणल्या आणि दौंडजवळ केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथल्या मुली दळत, रांधत, विणत, छापखान्यात खिळे जुळवत. त्या जगल्या आणि स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या.

मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. रमाबाई स्वतः शास्त्र जाणणाऱ्या, वादात भल्याभल्यांना ऐकणाऱ्या नव्हत्या. त्यांनी काय मानायचं हा त्यांचा अधिकार होता. पण दुष्काळातून आलेल्या आठ वर्षांच्या पोरीला तो अधिकार वापरता येत नाही. ती भाकरी देणाऱ्याला नाही म्हणू शकत नाही. जी नाही म्हणू शकत नाही, तिला धर्माबद्दल विचारूच नये. हा नियम मिशनऱ्यांना लावायचा तर आपल्या यतीमखान्यांना आणि इतरांच्या आश्रमांनाही लावावा लागेल.

आणि तो पाळता येतो. कराचीत अब्दुल सत्तार इधी आणि बिल्किस इधी यांनी तो पाळून दाखवला. इधी मूळचे गुजरातच्या बांटव्याचे. नकोशा बाळांसाठी त्यांनी आपल्या केंद्रांबाहेर पाळणे टांगले. कुजलेली बेवारस प्रेतं ते स्वतःच्या हाताने धूत. याच घरात एक मूकबधिर भारतीय मुलगी वाढली. ती हिंदू आहे हे लक्षात आल्यावर बिल्किसआपांनी तिच्यासाठी देवदेवतांच्या तसबिरी आणून पूजेची जागा करून दिली. ऑक्टोबर 2015 मध्ये ती भारतात परतली आणि पुढे तिच्या घरच्यांचा माग मराठवाड्यात लागल्याच्या बातम्या आल्या. बिल्किसआपांनी तिला जेवू घातलं, वाढवलं, आणि तिचा देव तिच्यापाशीच राहू दिला. त्यांचं इमान त्याने तसूभरही कमी झालं नाही.

माऊन म्हणजे बादली

कुरआनात माऊन नावाची एक छोटी सूरह आहे, अवघ्या 7 आयतींची. नमाजमध्ये आपण ती सर्रास पढतो, कारण पटकन संपते. तिचा आशय मात्र पटकन गिळता येत नाही. धर्माला खोटं ठरवणारा कोण, असा प्रश्न ती करते, आणि उत्तरात पहिला येतो तो अनाथाला धक्के देऊन हाकलणारा. मग येतात ते नमाजी, ज्यांना नमाजचं भान नाही, जे लोकांना दाखवण्यासाठी सगळं करतात. आणि शेवटी येतात ते, जे ‘माऊन’ द्यायला नकार देतात.

माऊन म्हणजे काय? हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद (रजि.) यांनी त्याचा अर्थ सांगितला तो घरगुती वस्तूंचा. शेजारी शेजाऱ्याकडे मागतो ती हंडी, कुऱ्हाड, बादली. म्हणजे अनाथ, दिखाऊ नमाज आणि बादली या तीन गोष्टी एकाच छोट्या सूरहमध्ये एकत्र आल्या आहेत. वसईच्या मित्राला कोलकात्यात जे कळलं, ते आपण रोज पाच वेळा पढू शकतो.

प्रेषित मुहंमद (स.) स्वतः यतीम होते. वडील जन्माआधीच गेले, सहाव्या वर्षी आई गेली, आठव्या वर्षी आजोबा. घरात ते काय करत, असं हजरत आयशा (रजि.) यांना कुणी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की ते घरच्यांच्या कामात असत. चप्पल सांधत, कपडा शिवत, शेळीचं दूध काढत. मदिनेच्या मस्जिदीत झाडू मारणारी एक काळी स्त्री होती. ती वारली तेव्हा लोकांनी परस्पर दफन उरकलं, एवढ्याशा गोष्टीसाठी प्रेषितांना कशाला कळवायचं म्हणून. ती दिसेना तेव्हा त्यांनी विचारलं, मला का सांगितलं नाही? मग ते तिच्या कबरीवर गेले आणि तिथे तिच्यासाठी जनाजाची नमाज अदा केली. त्या मस्जिदीत झाडू मारणारीची किंमत कुणाला कळली होती आणि कुणाला नाही, हे या हदीसमध्ये स्पष्ट आहे.

ख्रिस्ती परंपरेत येशूने शेवटच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले. 2013 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या बालसुधारगृहात जाऊन 12 कैद्यांचे पाय धुतले, त्यांत दोन मुस्लिम होते. आपल्या मातीत गाडगेबाबांनी आधी गाव झाडलं आणि रात्री कीर्तन केलं. कुणी कुणाची नक्कल केली, हा प्रश्नच इथे येत नाही. खराटा सगळ्यांना एकाच जागी नेतो.

आपले यतीमखाने

आता आपल्याकडे बघू. एका शहरातल्या यतीमखान्यात रमजानच्या इफ्तारला मी गेलो होतो. मुलांना पाच वाजल्यापासून टोप्या घालून रांगेत बसवलं होतं. पाहुणे उशिरा आले. बॅनर बांधलं, मुलांच्या हातात खजूर देऊन फोटो निघाले, भाषणं झाली. अजान झाली, जेवणं झाली, गाड्या निघून गेल्या. मागे दीडशेच्या आसपास ताटं उरली. ती कुणी घासली? त्याच मुलांनी.

आपल्याकडचा हा सगळ्यात मोठा विरोधाभास आहे. अनाथाश्रमात चार ताटं घासली की पाहुण्याला इमान सापडतं. तीच ताटं अनाथ मुलं वर्षभर घासतात, त्याला कुणी इबादत म्हणत नाही. त्यांच्यासाठी ते फक्त काम असतं. अनाथाच्या डोक्यावरून हात फिरवण्याचं सवाब आपल्याला पाठ आहे. त्यामुळे सगळ्यांना डोकंच हवं असतं, आणि ताटं तशीच पडतात.

यतीम या शब्दाचा आपल्या धर्मशास्त्रातला अर्थ आहे बाप गेलेलं अल्पवयीन मूल. म्हणजे यतीमखान्यातल्या अनेक मुलांना आई असते. तिच्याकडे फक्त पैसे नसतात. आपल्या देशाचा 2015 चा बालन्याय कायदाही सांगतो की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे. प्रेषितांनाही कुठल्या संस्थेत ठेवलं नव्हतं. आधी आजोबांनी, मग चुलत्याने घरात वाढवलं. मग आपली जकात त्या विधवा आईपर्यंत दरमहा का पोचू नये, म्हणजे मूल तिच्याजवळच राहील? यात उद्घाटन नाही, इमारत नाही, पाटी नाही. म्हणून कदाचित देणगीदार मिळत नसतील.

आणि ज्या मुलांना खरंच कुणी नाही, ती जिथे आहेत तिथे जायचं तर कसं जायचं, हेही ठरवता येईल. मोबाइल गाडीत ठेवावा. मुलांना भेटायचा हट्ट धरू नये. बावर्च्याला विचारावं, आज काय तुंबलंय? कांदे चिरायचे असतील, गाद्या उन्हात घालायच्या असतील, टाकी धुवायची असेल, ते करावं. महिन्यातून एकदा जावं, पण दर महिन्याला जावं. बायकांना आणि कामवाल्या मुलाला पाठवून स्वतः व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये चहा पिऊ नये. चप्पल सांधणाऱ्या प्रेषिताच्या उम्मतीतल्या पुरुषांना ते शोभत नाही.

पुढच्या रमजानमध्ये एखाद्या यतीमखान्यातून इफ्तारचं आमंत्रण येईल. जरूर जा. फक्त जेवण झाल्यावर लगेच गाडी काढू नका. मुलांना अभ्यासाला किंवा झोपायला पाठवा, बाह्या वर करा, आणि ताटं घासून मगच तरावीहला जा.